फोर्टातल्या जुन्या इमारती बघायला जायचंय? सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

दक्षिण मुंबईतल्या हेरिटेज इमारती बघायला जाणाऱ्यांचे मेसेज सतत येतात आणि त्यात तेच तेच प्रश्न असतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. आधी साधे प्रश्न आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा नंबर दिलाय, तेवढा बघा.

१. पहिल्यांदाच येतोय, सुरुवात कुठून करू?

सीएसएमटीपासून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मध्य रेल्वेचं शेवटचं स्टेशन). लोकलने आलात की बाहेर पडल्या पडल्या समोरच सगळ्यात देखणी इमारत आहे, मग आधी लांब कुठे जायचं कशाला. तिथून महापालिकेची इमारत, मग दादाभाई नौरोजी रोडने सरळ हुतात्मा चौक, डावीकडे आत हॉर्निमन सर्कल आणि एशियाटिक सोसायटीच्या टाऊन हॉलच्या पायऱ्या, परत फिरून हायकोर्टाच्या मागच्या ओव्हल मैदानाकडे, मग काळा घोडा, म्युझियम (छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) आणि शेवटी गेटवे. सगळं चालत होतं. डीएन रोडवर जुन्या इमारतींच्या खालून कमानींचा सलग फुटपाथ आहे, उन्हात तो फार कामाला येतो. मेट्रोने यायचं असेल तर अॅक्वा लाइनवर सीएसएमटी आणि हुतात्मा चौक अशी दोन्ही स्टेशनं आहेत.

२. किती वेळ काढून यायचं?

नुसतं चालत बाहेरून बघायचं तर तीन-साडेतीन तास. म्युझियमच्या आत जायचं असेल तर त्याचे वेगळे निदान दोन-तीन तास धरा, आणि खरं सांगायचं तर म्युझियमला वेगळा दिवसच द्या, कारण चार तास उन्हात फिरून आलेला माणूस आतल्या वस्तूंसमोर नुसता खुर्ची शोधत फिरतो.

३. कुठला वार बरा, आणि सकाळ की संध्याकाळ?

रविवारी सकाळी फोर्ट रिकामा असतो, ऑफिसं बंद, गाड्या कमी, रस्त्याच्या मधोमध उभं राहून वर बघता येतं. पण रविवारी मेगाब्लॉक असतो (दुरुस्तीसाठी काही लोकल बंद ठेवतात), घरून निघायच्या आधी तो बघूनच निघा. शिवाय चालू ऑफिसं आणि पोस्ट रविवारी बंद, म्हणजे ज्यांच्या आत जाता येतं अशा काही जागा हुकतात (जीपीओचं, म्हणजे जनरल पोस्ट ऑफिसचं, प्रश्न ६ मध्ये आहे).

उजेडाचं म्हणाल तर ते नीट समजून घ्या कारण ह्यावर सगळं अवलंबून आहे. सीएसएमटीचा दर्शनी भाग आणि ओव्हलच्या पूर्वेकडच्या हायकोर्ट-युनिव्हर्सिटीच्या इमारती पश्चिमेला तोंड करून आहेत, त्यामुळे सकाळी त्या सावलीत आणि दुपारी तीन-चारनंतर सोनेरी. ओव्हलच्या पश्चिमेकडच्या आर्ट डेको बिल्डिंगांचं उलट, त्यांच्यावर सकाळचं ऊन येतं. म्हणजे एकाच मैदानात उभं राहून सकाळी एका बाजूला बघायचं आणि संध्याकाळी दुसऱ्या. जमलं तर दोन्ही वेळा जा.

४. सगळे फोर्ट फोर्ट म्हणतात पण किल्ला कुठे आहे?

किल्ला होता, तटबंदी होती, खंदक होता आणि तीन दरवाजे होते, अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात, १८६० च्या दशकात, ती तटबंदी पाडली आणि मोकळ्या झालेल्या जागेत आज आपण ज्या बघायला जातो त्या बऱ्याचशा इमारती उठल्या. तेव्हा कापसाच्या व्यापारातून शहरात प्रचंड पैसा आला होता. चर्चगेट स्टेशनचं नाव त्याच दरवाज्यावरून, आणि ते चर्च म्हणजे हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस कॅथेड्रल, १७१८ मध्ये उघडलेलं. चर्च गेट जिथे होतं तिथेच आता फ्लोरा फाउंटन आहे (१८६४). किल्ल्याचा उरलेला एक तुकडा बघायचाच असेल तर सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या बाजूला आहे, सीएसएमटीपासून जवळ, पण तिकडे सहसा कुणी फिरकत नाही.

५. सीएसएमटीच्या आत बघता येतं का? तिकीट लागतं का?

बाहेरचं तर सगळं फुकट आहे. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ बसलाय, सिंह ब्रिटनचा आणि वाघ भारताचा. घुमटाच्या टोकावर हातात मशाल घेतलेली बाई आहे ती 'प्रगती'.

आतलं सांगतो. लोकलच्या तिकीट खिडक्या आहेत ना, त्या हॉलला स्टार चेंबर म्हणतात, तिथे मान वर करा. कमानदार छत आहे, त्यावर चांदण्या काढल्यात. त्याला वेगळं तिकीट नाही, रोज हजारो लोक तिथून जातात. मी स्वतः कित्येक वर्षं तिथे रांगेत उभा राहिलो आणि छत पहिल्यांदा बघितलं ते एका सुट्टीच्या दिवशी, रांग नव्हती म्हणून, त्या दिवसापासून जो भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय. प्लॅटफॉर्मवर जायचं असेल तर मात्र लोकलचं किंवा प्लॅटफॉर्म तिकीट हवंच. घुमटाखालचा मोठा जिना मध्य रेल्वेच्या मुख्यालयात येतो, तिथे सरळ घुसता येत नाही. रेल्वेने तिथे छोटं हेरिटेज म्युझियम केलंय, ते कामाच्या दिवशी ठराविक वेळेतच उघडं असतं, आधी चौकशी करून जा.

६. गॉथिक, इंडो-सारासेनिक, आर्ट डेको हे सगळं कानावर पडतं पण ओळखायचं कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर द्यायला मलाही सगळ्यात आवडतो, म्हणून जरा लांबतंय.

आधी खांब बघा. जाड गोल खांबांची रांग, वर त्रिकोणी माथा, समोर रुंद पायऱ्या असं दिसलं तर ती ग्रीक-रोमन वळणाची इमारत, उदाहरण म्हणजे एशियाटिकचा टाऊन हॉल, १८३३ मध्ये पुरा झालेला, तटबंदी पडायच्या आधीचा.

मग कमानी बघा. टोकदार कमानी, मनोरे, चक्राकार खिडक्या, रंगीत काचा, पाणी बाहेर फेकणारे चित्रविचित्र प्राणी, हे व्हिक्टोरियन गॉथिक. सीएसएमटी, हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, डेव्हिड ससून लायब्ररी (१८७०) ही मंडळी. सीएसएमटीमध्ये मात्र इटालियन गॉथिकबरोबर आपल्याकडचं बरंच मिसळलंय म्हणून ती लंडनमध्ये उचलून ठेवली तर परकी वाटेल.

मोठा घुमट, जाळ्या, छत्र्या (खांबांवरचे छोटे घुमट), म्हणजे दख्खनच्या आणि गुजरातच्या जुन्या बांधकामातून घेतलेलं काही दिसलं की इंडो-सारासेनिक. जॉर्ज विटेटचं म्युझियम आणि गेटवे, आणि जॉन बेगचं जीपीओ. जीपीओचा घुमट बघून विजापूरचा गोलघुमट आठवला तर तुमची नजर बरोबर आहे, प्रेरणा तिथलीच. आणि जीपीओ हे चालू पोस्ट आहे, कामाच्या दिवशी आत जाऊन घुमटाखाली बिनधास्त उभं राहा. लोक सीएसएमटी बघून पाठ फिरवतात आणि शेजारची ही इमारत सुटते, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

आर्ट डेको त्यानंतरचं, १९३० पासून पुढचं, आणि आरसीसीचं, म्हणजे लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचं. दगडाऐवजी सिमेंट आलं म्हणून कोपरे गोल करता आले. खिडकीवर भुवईसारखी आडवी पट्टी, जहाजासारखी गोल खिडकी, डेकच्या कठड्यासारखी बाल्कनी, फाटकाच्या लोखंडात उगवत्या सूर्याचे किरण. रीगल (१९३३) आणि इरॉस (१९३८) ही थिएटरं, ओव्हलसमोरच्या आणि मरीन ड्राइव्हवरच्या बिल्डिंगा. रीगल चार्ल्स स्टीव्हन्सने केलं आणि सीएसएमटी त्याच्या वडिलांनी, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने, म्हणजे एकाच घरात बापाने गॉथिक रचलं आणि मुलाने आर्ट डेको.

७. हे सगळं इंग्रजांनीच बांधलं ना?

पाटीवर नाव त्यांचंच असतं म्हणून असं वाटतं. पण ही अर्धीच गोष्ट झाली. सीएसएमटीचं काम १८७८ ते १८८८ चाललं, आराखडा स्टीव्हन्सचा, पण जागेवर उभं राहून काम करून घेणाऱ्यांमध्ये रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य होते. नक्षीकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे, ती पानं, मोर, माकडं त्यांनी घडवलेली. युनिव्हर्सिटीच्या आवारातला घड्याळाचा राजाबाई टॉवर घ्या, त्याचा आराखडा सर गिल्बर्ट स्कॉटने विलायतेतून पाठवला, तो माणूस मुंबईत कधी आलाच नाही, आणि टॉवरवरच्या पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या समाजांच्या माणसांच्या २४ मूर्ती घडवल्या रावबहादूर मुकुंद रामचंद्र ह्या असिस्टंट इंजिनियरने. पैसाही बराच इथलाच, राजाबाई टॉवरला प्रेमचंद रायचंद, युनिव्हर्सिटीच्या दीक्षान्त सभागृहाला कावसजी जहांगीर.

दगडही आपलाच. म्युझियममध्ये कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड आहे. आज ज्या स्टेशनांवरून आपण लोकल पकडतो तिथल्या खाणींतून निघालेला दगड ह्या भिंतींत बसलाय. तुमच्याबरोबर येणाऱ्या कुणी 'इंग्रजांची इमारत' म्हटलं तर त्याला एवढं नक्की सांगा.

८. ह्यातलं काय काय युनेस्कोच्या यादीत आहे?

मुंबईत तीन नोंदी आहेत. एलिफंटा लेणी (१९८७), सीएसएमटी (२००४), आणि २०१८ ची 'व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको' ह्या नावाची नोंद. तिसरी एका इमारतीची नाही, ओव्हल मैदानाच्या आजूबाजूच्या आणि मरीन ड्राइव्हच्या पहिल्या रांगेतल्या अशा मिळून ९४ इमारतींची आहे. गेटवे एवढा प्रसिद्ध, तरी युनेस्कोच्या यादीत त्याच्या नावाची वेगळी नोंद नाही, हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं.

९. मग आत जायची किंवा शूटची परवानगी एएसआयकडून (भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, केंद्राचं खातं) घ्यायची का? हेरिटेज म्हणजे सरकारचं ना सगळं?

नाही, आणि इथे खूप गोंधळ होतो. एलिफंटा एएसआयकडे आहे. गेटवे केंद्राकडे नाही, राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. सीएसएमटी रेल्वेचं, हायकोर्ट कोर्टाचं, आणि आर्ट डेको बिल्डिंगांमध्ये तर चक्क लोक राहतात, त्या खासगी आहेत. मुंबईत १९९५ पासून हेरिटेजचे नियम आहेत, देशात असे नियम पहिल्यांदा इथेच आले, त्यात ग्रेड एक, दोन अ, दोन ब आणि तीन अशा पायऱ्या आहेत, पण ग्रेड मिळाला म्हणजे मालकी बदलली असं होत नाही. परवानगी जी लागेल ती त्या त्या मालकाची किंवा खात्याची. लोकांच्या बिल्डिंगच्या जिन्यात फोटो काढायला शिरू नका, वॉचमनला विचारा, नाही म्हणाला तर नाही.

१०. राजाबाई टॉवरवर चढता येतं का?

नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी तिथे आत्महत्येच्या घटना घडल्या आणि वर जाणं बंद झालं. टॉवर २८० फूट उंच, काम १८६९ ते १८७८. प्रेमचंद रायचंदांच्या आईचं नाव दिलंय. त्या जैन होत्या, दृष्टी गेलेली, सूर्यास्ताआधी जेवायचं तर वेळ कळावी म्हणून मुलाने घड्याळाचा टॉवर बांधला अशी गोष्ट सांगतात. आवारात युनिव्हर्सिटीचा गेटपास लागतो. ओव्हलच्या बाजूने टॉवर पूर्ण दिसतो, मला तिथूनच जास्त आवडतो.

११. हायकोर्टात जाऊन ते माकड बघायचंय, जमेल का?

ते माकड म्हणजे एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं, हातात तराजू घेतलेलं, दगडात कोरलेलं. जवळपास वकिलांसारखा गळ्यात पांढरा बँड बांधलेला कोल्हाही आहे. कामावरून नाराज झालेल्या कारागिराने ते कोरलं अशी गोष्ट सांगितली जाते, ती गोष्ट म्हणूनच ऐका. इमारत १८७८ ची, कर्नल फुलरचा आराखडा. चालू कोर्ट आहे त्यामुळे कॅमेरा घेऊन फिरायला कुणी देणार नाही. पर्यटन खात्याने मध्यंतरी सुट्टीच्या दिवशी आत हेरिटेज वॉक सुरू केले होते, महापालिकेच्या इमारतीतही, तर त्यांचं सध्याचं बुकिंग बघा.

१२. ताज हॉटेल चुकून उलटं बांधलं आणि आर्किटेक्टने जीव दिला, खरंय का?

नाही हो. ही गोष्ट इतकी पसरलीय की समुद्राकडे तोंड करून उभा असलेला प्रत्येक जण ती सांगतो. मूळ प्रवेश शहराच्या बाजूने ठेवला होता, आज जिथे स्विमिंग पूल आहे तिकडून, आणि तो विचार करूनच ठेवलेला. मूळ आराखडा त्याच सीताराम खंडेराव वैद्यांचा, डी. एन. मिर्झांबरोबर केलेला (वैद्यांचं प्रश्न ७ मध्ये आलंय). काम पुरं व्हायच्या आत वैद्य वारले आणि पुढचं चेंबर्स नावाच्या इंग्रज आर्किटेक्टने पुरं केलं. एवढं मोठं काम केलेल्या आपल्या माणसाचं नाव कुणाला माहीत नाही आणि खोटी गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ आहे, म्हणून ही दुरुस्ती करत राहतो. ताज १९०३ ला उघडलं, गेटवेच्या एकवीस वर्षं आधी.

१३. पंचम जॉर्ज गेटवेतून आत आला होता ना?

तो १९११ च्या डिसेंबरमध्ये आला तेव्हा गेटवे नव्हताच. पायाचा दगड त्याच वर्षी मार्चमध्ये बसला होता, राजासाठी पुठ्ठ्याची प्रतिकृती उभी केली होती. आराखडा १९१४ ला पक्का झाला आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला. शेवटची ब्रिटिश पलटण २८ फेब्रुवारी १९४८ ला ह्याच कमानीखालून गेली, माझ्यासाठी गेटवेची खरी तारीख ती आहे.

१४. काळा घोडा इथे जो घोडा आहे तो जुनाच का?

नाही. जुन्यावर राजा सातवा एडवर्ड बसला होता, तो पुतळा १९६५ मध्ये हलवला, आता भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात आहे (ते म्युझियम बुधवारी बंद असतं). आत्ताचा घोडा २०१७ चा, त्यावर स्वार नाही.

१५. काळा घोड्यापाशीच एक मोडकळीला आलेली इमारत दिसली, ती काय आहे?

वॉटसन हॉटेल, आता एस्प्लनेड मॅन्शन. लोखंडी सांगाडा विलायतेत ओतून जहाजाने आणला आणि इथे जोडला, १८६० च्या दशकाच्या शेवटी. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा इथे दाखवली गेली. आत जाऊ नका, खालूनही लांबून बघा, धोकादायक आहे. भारतातला सिनेमा जिथे सुरू झाला ती जागा अशी बघवत नाही.

१६. टॅक्सीवाल्याला कुठलं नाव सांगायचं, जुनं की नवीन?

दोन्ही माहीत असू द्या. बोरीबंदर, व्हीटी, सीएसटी, सीएसएमटी हे सगळं एकच ठिकाण धरा (तसं बोरीबंदर हे आधीचं स्टेशन, १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याची पहिली गाडी तिथून सुटली). फ्लोरा फाउंटन म्हणजे हुतात्मा चौक, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक कारंजाशेजारीच आहे, तिथे दोन मिनिटं थांबा. क्रॉफर्ड मार्केट म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, हॉर्नबी रोड म्हणजे डीएन रोड.

१७. फोटोला कुणी अडवतं का?

मोबाइलला सहसा नाही. ट्रायपॉड काढला की सिक्युरिटी येते. प्री-वेडिंग किंवा जाहिरातीचं शूट असेल तर लेखी परवानगी घ्या (कुणाची ते प्रश्न ९). ड्रोन अजिबात नको, बाजूला नौदलाची गोदी आहे. कुठल्या वेळी कुठे उजेड ते प्रश्न ३ मध्ये आहे.

१८. पावसाळ्यात आलो तर फुकट जाईल का?

उलट मला आवडतं. बेसाल्ट भिजला की काळाकुळकुळीत होतो आणि कोरीवकाम उठून दिसतं. डीएन रोडच्या कमानींखाली कोरडं राहता येतं. ओव्हलवर चिखल असतो आणि एशियाटिकच्या पायऱ्या निसरड्या होतात एवढं सांभाळा.

१९. आई-बाबांना गुडघ्याचा त्रास आहे आणि मुलं सहा-सात वर्षांची आहेत, कसं करू?

आई-बाबांसाठी दोनच जागा ठरवा, सीएसएमटी आणि गेटवे, मधला रस्ता टॅक्सीने. एशियाटिकला तीस पायऱ्या आहेत, त्या खालून बघितल्या तरी चालतात, समोर हॉर्निमन सर्कलच्या बागेत बसायला जागा आहे. मुलांना तारखा सांगत बसू नका, प्राणी मोजायला लावा. सीएसएमटीच्या भिंतींवर इतके प्राणी-पक्षी आहेत की मुलं मोजता मोजता अर्धा तास काढतात, आणि मग मोठी माणसंच म्हणतात चला आता.

२०. त्याच दिवशी एलिफंटा होईल का?

होणार नाही, म्हणजे धावत होईल पण दोन्ही धड होणार नाही. बोटीने जायलाच तासभर लागतो, वर पायऱ्या. सोमवारी लेणी बंद असतात हे विसरून लोक गेटवेपर्यंत येतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटीही बंद.

२१. दुर्बीण आणू का, की जास्तच होईल?

आणा. इथलं सगळ्यात चांगलं काम डोक्याच्या वर आहे. राजाबाई टॉवरवरच्या त्या २४ मूर्तींतल्या वरच्या नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारख्या दिसतात, दुर्बिणीतून पगडी आणि अंगरख्याच्या चुण्या कळतात. ओव्हलच्या फुटपाथवर, दुपारी चारच्या सुमारास, युनिव्हर्सिटीच्या कुंपणापासून जरा मागे सरकून उभे राहा.